घरातली वाळवी: कुठून येते, किती औषध लागतं, कुठे फसतं

कडीकोयंडा

मृगाच्या सरी पडल्या की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पाखरं जमतात आणि सकाळी खिडकीखाली पंखांचा केर सापडतो. मग जो तो विचारतो, "वाळवीवर काय मारू?" उत्तरात औषधांची नावं पडतात. वाळवी कोणती आणि घरात शिरतेय कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. तेवढ्यासाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

पंखांपासून सुरुवात करतो. चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर वाळवी. पुढची जोडी मोठी आणि मागची लहान असेल तर मुंगी. अख्खं पाखरू सापडलं तर कंबर बघा. मुंगीची कंबर दोऱ्यासारखी बारीक, वाळवी मानेपासून शेपटापर्यंत सरळसोट. मिशाही बघा: मुंगीच्या कोपरात वाकवल्यासारख्या, वाळवीच्या सरळ आणि मण्यांच्या माळेसारख्या.

आता पंख पडलेत कुठे? बाल्कनीत किंवा दिव्याखाली असतील तर बाहेरून उजेडाला आलेली पाखरं, घाबरायचं कारण नाही. पण खिडकी रात्रभर बंद होती आणि आतल्या कठड्यावर किंवा चौकटीच्या बुडाशी पंखांचा ढीग आहे, तर पाखरं घरातूनच निघालीत. म्हणजे वसाहत जुनी आहे. नव्या वसाहतीला पाखरं सोडायला काही वर्षं लागतात.

दुसरी खूण मातीच्या नळ्यांची. पेन्सिलीएवढ्या जाड, भिंतीवरून, स्कर्टिंगच्या कडेने, पाइपाच्या मागून चढलेल्या. दिसली की झाडूने साफ करायची घाई नको, हा वाळवीचा नकाशा आहे. मधला दोनेक इंचांचा तुकडा स्क्रू ड्रायव्हरने उडवा, तारीख पेन्सिलीने भिंतीवरच लिहा आणि तीन-चार दिवसांनी बघा. ओल्या, गडद मातीने जोडली असेल तर वाट चालू आहे. तशीच उघडी राहिली तर वाळवीने ती सोडली असेल. पण दुसरीकडून आली नाही ना, हे तरीही बघायचं.

बघण्याचा क्रम: बाथरूमला लागून असलेल्या भिंतीची दुसरी बाजू, दाराच्या चौकटीचे खालचे सहा इंच, सिंकखालचं कपाट, भिंतीला चिकटलेल्या वॉर्डरोबची पाठ, लाकडी स्विचबोर्डाची पेटी, माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने लाकूड ठोकत जा. भरीव लाकूड 'टक्' वाजतं, पोखरलेलं 'ढप्प'. रंगाला फोड आलेत आणि बोटाने दाबल्यावर कागदासारखं आत जातंय, तर मागे फक्त रंगाचा पापुद्राच उरलाय.

---

सुतारपक्षी

चांगला धागा. एक मोठी गल्लत इथेच निस्तरू या. "लाकडातून भुसा पडतोय" म्हणजे वाळवीच, असं नाही.

खाली पडलेलं चिमूटभर काळ्या कागदावर घ्या आणि बोटांत चोळा.

मैद्यासारखं मऊ, आणि लाकडाला टाचणीने पाडावीत तशी गोल भोकं असतील तर तो भुंगेरा, म्हणजे घुण. आंबा, रबरवूड, सिल्व्हर ओक असल्या लाकडात आणि सागाच्या पांढऱ्या कडेत हमखास.

खसखशीसारखे, वेगळे वेगळे, खरखरीत दाणे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. भिंगातून बघितलं तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात. ही विष्ठा असते आणि लाकडातल्या बारीक भोकातून ती बाहेर ढकलली जाते. हिचा जमिनीशी संबंध नाही, मातीच्या नळ्या नाहीत, ओलही लागत नाही. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट किनारपट्टीवर जुन्या फर्निचरमध्ये सापडते.

दाणेही नाहीत, पीठही नाही, पोखरलेल्या जागेत माती भरलेली आहे, तर ती जमिनीतली वाळवी. महाराष्ट्रातल्या घरांचं बहुतेक नुकसान हिचंच.

हे सांगायचं कारण असं की कोरड्या लाकडातल्या वाळवीसाठी फरशीला भोकं पाडणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे त्या वस्तूवरच उपचार करायचा.

---

उंबरठा

तळमजल्यावरचा फ्लॅट आहे. १० बाय १२ ची खोली, दाराची चौकट खालून पोकळ वाजते, आत माती आहे. एक जण म्हणतो, "दोन तासांत स्प्रे मारून देतो, पाच वर्षं बघायला नको." दुसरा ड्रिलिंग सांगतोय आणि पैसे तिप्पट. कुणाचं खरं?

---

जोतं_पातळी

@उंबरठा, स्प्रेवाल्याला नमस्कार सांगा. जमिनीतल्या वाळवीची वसाहत घराखाली किंवा आजूबाजूच्या मातीत असते. चौकटीत दिसतात त्या चारा न्यायला आलेल्या कामकरी. त्यांच्यावर फवारणी केली की त्या मरतात आणि बाकीच्या दीड फुटावरून दुसरी वाट काढतात. झुरळांचा स्प्रे मारला तर हेच आणखी लवकर होतं. वर आपल्याला वाटतं की वाळवी गेली.

तळमजल्याची पद्धत भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिली आहे. थोडक्यात:

फरशी आणि भिंत जिथे मिळतात त्या रेषेवर १२ मिमी व्यासाची भोकं, ३० सेंमी अंतराने. शक्यतो लादीच्या सांध्यात, म्हणजे लादी तडकत नाही आणि नंतर बुजवलेलं दिसत नाही. प्रत्येक भोकात औषधाचं पाणी हातपंपाने दाबून भरायचं: भोक घेणं थांबवेल तोवर किंवा जास्तीत जास्त १ लिटर. चौकट आणि भिंतीच्या सांध्यात ६ मिमीची भोकं, १५ सेंमी अंतराने, ४५ अंशात खाली उतरती.

तुमच्या खोलीचा हिशोब: परीघ ४४ फूट, म्हणजे साधारण १३.४ मीटर. तीस सेंमीला एक धरलं तर ४५ भोकं. म्हणजे नुसत्या या खोलीला ४५ लिटरपर्यंत द्रावण. एखादा माणूस तयार द्रावणाची पाच लिटरची बाटली घेऊन अख्खा टू बीएचके करून निघाला, तर त्याने काय केलं हे विचारायची गरजच नाही.

आता जिथे बहुतेकांचं फसतं ते. भोक किती खोल? लादी, तिच्याखाली दोन इंच माल, त्याखाली तीन-चार इंच काँक्रीट, मग दगडी सोलिंग किंवा मुरमाचा भराव. औषध मातीत पोहोचायला हवं, म्हणजे काँक्रीटच्या पार जायला हवं. साध्या सहा इंची बिटने ते होत नाही, १२ मिमीचा किमान एक फुटी बिट लागतो. ड्रिल काँक्रीटमधून सुटला की हाताला धक्का बसतो, आवाज बदलतो आणि भोकातून पांढऱ्या भुकटीऐवजी तांबूस माती येते. हे तिन्ही होईपर्यंत थांबायचं नाही. दोन इंचांवर थांबलेल्या भोकात औषध भरलं की ते उलटून फरशीवर येतं, आणि मग सांगतात, "बघा साहेब, भोक फुल्ल झालं."

उलटही होतं. भराव खचून फरशीखाली पोकळी झालेली असते आणि भोक पाणी पीतच राहतं. १ लिटर गेला की थांबा, शेजारची भोकं भरा, अर्ध्या तासाने परत या. पोकळीत ओतत राहिलं तर औषध खाली तळाशी साचतं, भिंतीलगतची माती कोरडीच राहते.

---

पागोळी

प्रमाणं लिहून ठेवते, कारण 'अंदाजे झाकणभर' हा प्रकार फार चालतो. (एससी, ईसी हे द्रव औषधाचे प्रकार, डब्यावर लिहिलेले असतात.)

इमिडाक्लोप्रिड ३०.५% एससी: २.१ मिली, १ लिटर पाण्याला. उंबरठा यांच्या ४५ लिटरना साधारण ९५ मिली.

क्लोरपायरिफॉस २०% ईसी: १ भाग औषध, १९ भाग पाणी, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण. ४५ लिटरना सव्वादोन लिटर.

बायफेन्थ्रिन २.५% ईसी: २० मिली प्रति लिटर.

आधी बादलीत निम्मं पाणी, मग औषध, ढवळून मग उरलेलं पाणी. त्याच दिवशी संपवायचं.

निवड करताना फरक लक्षात घ्या. बायफेन्थ्रिन वाळवीला जाणवतं, ती त्यापासून मागे फिरते. औषध घातलेल्या मातीचं कुंपण घराभोवती अखंड असेल तर उत्तम, पण एका जागी खंड पडला तर वाळवी नेमकी तिथूनच येते. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल (वाळवीचंच आणखी एक औषध) तिला जाणवत नाहीत. ती त्यातून चालत जाते, अंगाला लावून घेते आणि एकमेकींना भरवताना-चाटताना पुढे पसरवते. म्हणून परिणाम दिसायला काही दिवस ते आठवडे लागतात आणि "अजून जिवंत दिसतात" म्हणून तिसऱ्या दिवशी भांडायचं नसतं. आणि म्हणूनच, ही औषधं घातल्यावर त्याच जागी झुरळांचा स्प्रे मारू नका. जी वाट त्यांना विष वाहून न्यायला मोकळी ठेवायची, तीच तुम्ही बंद करता.

---

जुनं_ते_सोनं

इतकं कशाला? चौकटीत इंजेक्शनने रॉकेल सोडायचं, वरून जळकं ऑइल फासायचं. गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच.

---

सुतारपक्षी

रॉकेल लागतं तिथली वाळवी मरते हे खरं. पण ते उडून जातं, मागे काही राहत नाही. चौकटीसाठी तेलात मिसळणारं औषध मिनरल टर्पेंटाइनमध्ये करून ६ मिमीच्या भोकांत सिरिंजने दोन-तीन वेळा भरतात, ते वाहक म्हणून, कारण पाण्याने लाकूड फुगतं. भोकं कोरडी होईपर्यंत तिथे उदबत्ती, निरांजन, वेल्डिंग काही नको. जळकं ऑइल कुंपणाच्या खांबाला ठीक, घरातल्या चौकटीला नको. ते वरच्या थराखाली फारसं उतरत नाही, आणि त्यावर पुढे रंग धरत नाही.

उघड्या, कोऱ्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिड स्वस्त आणि चांगलं: एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स, ४० ग्रॅम बोरिक ॲसिड, दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा, आडव्या कापलेल्या टोकांना जास्त. घुणालाही चालतं. पॉलिश किंवा रंग असलेल्या लाकडात शिरत नाही, आणि पावसात भिजणाऱ्या लाकडातून धुऊन जातं. तेव्हा फक्त घरात, आणि फक्त कोऱ्या लाकडावर.

---

फ्लॅट_३०४

तिसऱ्या मजल्यावर वाळवी कशी येते? आणि आमच्याकडेही फरशीला भोकं पाडू का?

---

जोतं_पातळी

नाही! हे ठळक अक्षरांत समजा. वरच्या मजल्यावर फरशीखाली माती नाही, स्लॅब आहे. भोक पाडलं तर औषध खालच्यांच्या छतातून टपकेल. बाथरूममध्ये पाडलं तर वॉटरप्रूफिंग फुटेल आणि गळतीचं नवं दुखणं मागे लागेल. हे काम विकणारे लोक आहेत, म्हणून सांगतो.

वाळवी वर येते ती पाइपांच्या डक्टमधून, वायरिंगच्या नळ्यांमधून (कंड्युट), दोन इमारतींच्या सांध्यातून. डक्टचं झाकण उघडून टॉर्च मारा, ड्रेनेज पाइपाच्या मागे मातीची रेघ तळमजल्यापर्यंत गेलेली दिसते. इलाज तळाशी, म्हणजे सोसायटीने डक्टच्या बुडाची माती आणि बाहेरचं जोतं करून घ्यायला हवं. तुम्ही फक्त तुमच्या फ्लॅटमधल्या चौकटी आणि पाइपांची तोंडं करू शकता.

दुसरी शक्यता थोडी अवघड. कॉप्टोटर्मिस जातीची वाळवी सतत ओल मिळाली तर मातीशी संबंध न ठेवताही वरच घर करते. गळक्या पाइपाची किंवा भिंतीतली ओल तिला पुरते, आणि चावलेलं लाकूड, माती, विष्ठा यांतून ती घरासाठी पुठ्ठ्यासारखा तपकिरी गोळा बनवते. ओळख: पोखरलेली जागा उघडली की मोठ्या डोक्याचे शिपाई पुढे येतात, आणि डिवचलं की त्यांच्या कपाळावर दुधासारखा पांढरा थेंब येतो. हे दिसलं तर गळती शोधून बंद केल्याशिवाय कुठलंही औषध टिकणार नाही. प्लंबर आधी, पेस्ट कंट्रोल नंतर.

---

चिराखाण

कोकणातल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जांभा सच्छिद्र, जुन्या भिंतींत सांधे मातीचे. वाळवी भिंतीच्या पोटातून चढते, बाहेर नळी दिसतच नाही आणि थेट वाशांच्या टोकाशी उगवते. त्यामुळे तपासणी वरून खाली: शिडी लावून वासे भिंतीवर जिथे टेकतात तिथे टोचा मारून बघायचं, कौलं गळत असतील तिथे आधी. गळकं कौल आणि कुजलेली रीप ही वाळवीला दिलेली आमंत्रणपत्रिका.

जोत्याच्या भिंतीला फरशीच्या पातळीजवळ आतून-बाहेरून ४५ अंशात भोकं, ३० सेंमीवर. चिरा औषध भरपूर पितो, हिशोब वाढवूनच धरा.

आणि विहीर. जांभ्यातून पाणी झपाट्याने वाहतं. अंगणात विहीर असेल तर त्या बाजूला मातीत औषध घालूच नका, पावसाळ्यात तर मुळीच नको. यांतली क्लोरपायरिफॉस, बायफेन्थ्रिन, फिप्रोनिल ही माशांना अतिशय घातक आहेत, पिण्याच्या पाण्याचं वेगळं सांगायला नको. त्या बाजूला लाकडावर काम करा: चिऱ्यावर थेट न टेकवता मधे धातूचा पत्रा, कुजलेलं लाकूड बदला, भिंतीला टेकवलेली सरपणाची रास हलवा.

वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत आहे, चांगली टिकते. हातमोजे घालूनच लावा. कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात.

अंगणातलं वारूळ फोडावं का, हे नेहमी विचारतात. आमच्याकडे आणि गोव्यात वारूळ म्हणजे सातेरी देवी, तिथे हात लावायचा प्रश्नच येत नाही. देवस्थानाचं नसेल आणि घराला लागून असेल तर वरून फोडून उपयोग नाही, राणी खाली खोल असते. मोठ्या सळईने वरून चार-पाच भोकं पोटापर्यंत पाडायची आणि घनमीटरभर आकाराच्या वारुळाला ४ लिटर द्रावण सोडायचं.

---

पागोळी

@चिराखाण, विहिरीच्या बाजूला बेट स्टेशन हा एक पर्याय. मातीत डबी पुरतात, आत सेल्युलोजचा चारा, त्यात हेक्साफ्लुम्युरॉन किंवा क्लोरफ्लुॲझुरॉनसारखं कात टाकण्यात अडथळा आणणारं औषध. मातीत काही ओतावं लागत नाही. पण वेळ महिन्यांत मोजायचा, आणि दर काही आठवड्यांनी उघडून बघणारा माणूस हवा. आपल्याकडची बुरशी पोसणारी ओडोंटोटर्मिस, म्हणजे झाडांच्या सालीवर मातीचे पापुद्रे चढवणारी, चाऱ्याला हवा तसा प्रतिसाद देतेच असं नाही. कॉप्टोटर्मिसवर बरं चालतं. विकणारा हे सांगत नाही.

---

सनमायका

प्लायबद्दल दोन ओळी. 'मरीन प्लाय आहे, वाळवी लागणार नाही' हे अर्धवट आहे. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) मधला पाणी सोसण्याचा गुण डिंकाचा. वाळवीचा प्रश्न लाकडाला परिरक्षक औषध पाजलंय की नाही याचा. दुकानात तो प्रश्न वेगळा विचारा. आणि प्लाय कितीही चांगला असो, सुतार मागच्या बाजूला आणि पायाला हलक्या लाकडाच्या पट्ट्या ठोकतो, वाळवी त्यातून येते. वॉर्डरोब भिंतीपासून बोटभर लांब, पाय पीव्हीसीचे, मागच्या बाजूला कापलेल्या कडा उघड्या न ठेवता सीलबंद. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पांढऱ्या कडेला लागते. चौकट घेताना ती कड किती आहे ते बघा.

---

पिकलं_पान

माझ्याकडे जुन्या शिसवी कपाटात खसखशीसारखे दाणे पडतात. भाचा म्हणतो, धान्यात टाकतात त्या गोळ्या कपाटात ठेवून दार बंद करू. चालेल का?

---

पागोळी

काका, कृपा करून नको. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटीतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या फ्लॅटमध्ये जातो आणि झोपेतली माणसं दगावतात. त्यावर घरी करण्यासारखा उतारा नाही. भाच्याला हे वाचून दाखवा.

दाणे पडतात त्याच्या वरच बारीक भोक सापडेल. तिथून सिरिंजने औषध, आजूबाजूला ३ मिमीची भोकं पाडून तिथूनही, मग लाखेने किंवा मेणाने बुजवायचं. खालचे दाणे पूर्ण झाडून तिथे काळा कागद ठेवा. पंधरा दिवसांनी परत दाणे दिसले तर अजून पोकळ्या राहिल्यात, पुन्हा करायचं. कपाटातली पुस्तकं असतील तर ती हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ वर दोन आठवडे. काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पानांवर दव धरतं.

---

कडीकोयंडा

@उंबरठा, काम देण्याआधी एवढं विचारा: औषधाचं नाव आणि टक्केवारी काय, डबा सीलबंद आणून समोर उघडणार का, द्रावण समोर मोजणार का, कीटकनाशक कायद्याखालचा परवाना दाखवा. कोटेशनमध्ये 'ॲन्टी टर्माइट' एवढंच नको, भोकांची संख्या आणि एकूण लिटर लिहून घ्या. 'पाच वर्षं वॉरंटी' म्हणजे बहुधा परत येऊन फवारणी, चौकट बदलून मिळणार नाही. ते शब्द नीट वाचा.

कामाच्या दिवशी ड्रिल लागण्याआधी पाण्याच्या आणि वायरिंगच्या लाइनी कुठून गेल्यात ते खडूने आखून द्या. लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण, मांजर-कुत्रा, माशांची टाकी: सगळं दिवसभर बाहेर. खिडक्या उघड्या.

---

उंबरठा

धन्यवाद सगळ्यांना. बाहेरच्या बाजूने काही लागतं का? जोत्याला लागून फुलझाडांचा वाफा आहे.

---

जोतं_पातळी

तोच वाफा संशयित नंबर एक. रोज पाणी, शेणखत, लाकडाचा चुरा, वर जोत्याला चिकटलेला. तो निदान दोन फूट मागे घ्या.

मग जोत्यालगत ३० सेंमी खोल चर खणा, त्यात सळईने १५ सेंमीवर भोकं. जोत्याच्या उभ्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरमागे साडेसात लिटर हा हिशोब. ३० सेंमी खोलीला म्हणजे मीटरमागे सव्वादोन लिटर. निम्मं चरात, निम्मं परत भरताना मातीवर. चर नुसता वरून ओला करून बुजवायचा नाही. हे काम पावसाची चार दिवस उघडीप बघून करा.

आतली भोकं लगेच बुजवू नका. द्रावण उतरू द्या, दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सिमेंटमध्ये लादीच्या रंगाची पूड मिसळून बुजवा. चौकटीवरच्या नळीचा एक तुकडा मुद्दाम तसाच ठेवा, पंधरा दिवसांनी आणि दीड महिन्याने तोडून बघा. चौकट बदलणार असाल तर नवी त्यानंतरच.